चौदा की सतरा

सातपूरच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटीत काढली. मोजायला व्हर्नियर, मायक्रोमीटर, आणि भाग आरपार जातो की अडतो एवढंच सांगणारं गो-नोगो गेज. मग माणसं कमी केली, त्यात मीही निघालो. गेल्या फेब्रुवारीत दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षं तपासून खोक्यांत भरतात तिथं, पुन्हा क्वालिटीलाच लागलो. लोखंड काय नि द्राक्ष काय, तपासणी ती तपासणी, असं बायकोला ऐकवून सकाळी घरातून निघालो होतो.

दारातच अडलो. अंगठी काढा, घड्याळ काढा, मनगटातला दोरा काढा. दोरा वणीच्या गडावरचा, आईने बांधलेला. त्याची गाठ सुटेना. शेवटी लाईनवरच्या एका मावशींनी तो कात्रीने कापला. ‘‘देवीला कळतं हो,’’ म्हणाल्या. त्या कात्रीवर ११ नंबर कोरलेला होता. सकाळी नंबर लिहून कात्री मिळते, संध्याकाळी नंबर बघून परत घेतात. एक जरी कमी भरली तरी दिवसभराची खोकी उघडायची.

बाहेर ऊन चटकत होतं म्हणून मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आलेलो. आत हॉल गार, आणि प्रीकूलिंगची खोली तर शून्याच्या आसपास. बागेतली उष्णता काही तासांत घडातून उतरवायची, नाहीतर देठ सुकून तपकिरी पडतो आणि माल जुना दिसतो. बायका स्वेटर आणि कानटोप्या घालून बसलेल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

माझ्या वरिष्ठ मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पहिला घड मी चेंडूसारखा तळहातात घेतला, तर म्हणाल्या, ‘‘सर, देठाला धरा.’’ मण्यावर मेणाचा पांढुरका थर असतो. बोट लागलं की तेवढी जागा चकचकीत होते, आणि तो थर काही परत येत नाही. माझ्या पाच बोटांचे पाच डाग त्या घडावर उमटले होते. तो घड बाजूला गेला. १६ मिलिमीटरची रिंग मात्र लगेच जमली. मणी आरपार गेला तर बारीक. हे गो-नोगोच.

दुपारी मोहाडीकडचे एक काका टेम्पो घेऊन आले. क्रेटमध्ये खाली कागद अंथरून घड नीट मांडलेले, प्रत्येक क्रेटवर प्लॉटच्या नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी. ऑर्डरला गोडी किमान १६ ब्रिक्स हवी होती; ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. मी चार-पाच घडांतले मणी काढून चुरले, रसाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकला, झाकण दाबलं आणि उजेडाकडे धरून डोळा लावला. निळ्या-पांढऱ्याची रेघ १४ वर.

‘‘चौदा,’’ मी म्हणालो.

काका काही बोलले नाहीत. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, ‘‘साहेब, काल बागेत सतरा भरली होती.’’

कारखान्यात रिजेक्ट जॉब, म्हणजे नापास झालेला भाग, लाल पेटीत टाकायचा आणि पुढचा घ्यायचा. त्या जॉबला कुणी ऑक्टोबरपासून रात्री-अपरात्री उठून पाणी दिलेलं नसतं, आणि तो देणारा माणूस टेबलापलीकडे उभा नसतो. मी पुन्हा मणी चुरले, पुन्हा थेंब टाकला. पंधराच्या जरा खाली. दोनदा मोजून दोन आकडे आले तर चूक मालात नसते, हे मीच पोरांना शिकवायचो. पण त्या क्षणी मला फक्त काकांची टोपी दिसत होती.

कात्रीवाल्या मावशी तेवढ्यात पाणी प्यायला बाहेर आल्या होत्या. क्रेटमधला घड देठाला धरून उचलला, अगदी शेंड्याचा मणी तोडून तोंडात टाकला. ‘‘शेंड्याला एवढी गोडी, तर वरती काय असंल!’’ आणि माझ्या हातातल्या मीटरकडे बघून म्हणाल्या, ‘‘दादा, काच पुसली का?’’

आधीच्या लॉटनंतर मी काच धुतली होती, पण पुसली नव्हती. थेंबाथेंबाला रसात पाणी मिसळत होतं. नऊ वर्षं मी ओरडलो होतो: जॉबला तेल, बुरादा असेल तर व्हर्नियर लावू नका, आधी फडकं मारा!

पुसून पाहिलं. सतरा. पुन्हा पुसलं, पुन्हा सतरा.

मी काकांना सांगितलं, ‘‘चूक माझी होती.’’ ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. टेम्पोवाल्याला हाक मारून क्रेट उतरवायला लागले. मॅडमना मी स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी रजिस्टरमध्ये १४ खोडून १७ लिहायला लावलं, शेजारी माझी सही. ‘‘व्हाइटनर नाही हां सर. खोडलेलं दिसलं पाहिजे.’’

जाताना काकांनी कागदात गुंडाळलेला एक घड पुढे केला. मी हात पुढे करणार तोच मॅडमनी मान हलवली. ‘‘आज घड, उद्या क्रेट,’’ त्या नंतर म्हणाल्या. काकांना मात्र त्या मुळीच तुटक बोलल्या नाहीत. ‘‘नातवंडांना न्या,’’ म्हणाल्या.

संध्याकाळी अकरा नंबरची कात्री जमा होईपर्यंत थांबलो. निमाणीला बसमधून उतरलो तर हातगाडीवर द्राक्षं. दिवसभर द्राक्षांत राहून घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? एक घड देठाला धरून उचलला, वळवून दिव्याच्या उजेडात पाहिला, ठेवला, दुसरा उचलला.

गाडीवाला माझ्याकडे बघत होता. ‘‘बाग कुठं हाय भाऊ तुमची?’’