एक चाक सोडून दुसरं

आज रात्री पुन्हा त्या सायकल शर्यतीच्या शेवटच्या किलोमीटरचा व्हिडिओ लावला. ३ जुलै २०२४, टूर द फ्रान्सचा पाचवा टप्पा, शेवट फ्रान्समधल्या सँ-व्युल्बा गावात. ब्रिटिश सायकलपटू मार्क कॅव्हेंडिश तेव्हा ३९ वर्षांचा होता. टूरमध्ये त्याने जिंकलेला हा पस्तिसावा टप्पा. बेल्जियमचा जुना दिग्गज एडी मर्क्स याचा ३४ टप्प्यांचा विक्रम त्या दिवशी मोडला. पण मी त्या आकड्यासाठी बघत नाही. मला त्याच्या आधीचे काही सेकंद बघायचे असतात. घोळक्यात तो एकाचं चाक सोडतो, दुसऱ्याचं धरतो, म्हणजे त्याच्या अगदी मागे आडोशाला राहतो, आणि वाट दिसली की बाहेर पडतो.

ही नजर ट्रॅकवर, म्हणजे सायकलींच्या गोल, उतरत्या धावपट्टीवर घडली, असं मला मनापासून वाटतं. मॅडिसन या तिथल्या शर्यतीत जोडी असते. एक जण शर्यतीत, दुसरा वरच्या कडेने संथ फिरत दम घेतो; पाळी बदलताना हाताला हात धरून जोडीदाराला पुढे भिरकावायचं. सायकलला ब्रेक नाहीत, पेडल मारणं थांबवता येत नाही. २५० मीटरच्या त्या वाटीत सगळ्या जोड्या एकाच वेळी हेच करत असतात. शेजारच्याचा खांदा कुठे झुकणार हे तिथे आधीच कळावं लागतं. यात कॅव्हेंडिश २००५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, रॉब हेल्ससोबत जगज्जेता झाला. २००८ मध्ये ब्रिटनच्याच ब्रॅडली विगिन्ससोबत पुन्हा.

आणि मग त्याच वर्षीचं बीजिंग ऑलिंपिक. टूरचे चार टप्पे जिंकून, शर्यत अर्ध्यावर सोडून तो तिथे गेला होता. विगिन्सने आधीच दोन सुवर्णपदकं मिळवली होती, त्याचे पाय दमले होते. जोडीला काहीच मिळालं नाही. ब्रिटनच्या ट्रॅक संघातून रिकाम्या हाताने परतला तो एकटा कॅव्हेंडिश. मला ते आजही लागतं.

रस्त्यावरचं यश मोठं होतं: २००९ च्या एकाच टूरमध्ये सहा टप्पे, २०११ मध्ये कोपनहेगनला विश्वविजेतेपद. पण माझा जीव २०१२ च्या पॅरिसमध्ये अडकतो. विगिन्स टूर जिंकल्यातच जमा होता, अंगात आघाडीवीराची पिवळी जर्सी होती. तरी शॉंज-एलिझेवर शेवटाकडे तो स्वतः पुढे येऊन ओढत राहिला, कॅव्हेंडिशला टप्पा मिळावा म्हणून. हात न धरता केलेलं मॅडिसनच ते! २०१६ मध्ये दोघे लंडनला पुन्हा मॅडिसनचे जगज्जेते झाले, आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये कॅव्हेंडिशला ऑम्नियमचं, म्हणजे ट्रॅकवरच्या अनेक शर्यती मिळून होणाऱ्या स्पर्धेचं, रौप्य मिळालं. बीजिंगनंतर आठ वर्षांनी.

पुढची वर्षं वाईट गेली. एपस्टाइन-बार विषाणूचा आजार, नैराश्य. २०२० मध्ये एका शर्यतीनंतर, ही कदाचित आपली शेवटची शर्यत असेल, असं तो कॅमेऱ्यासमोर रडत म्हणाला. ते मी एकदाच पाहिलं, पुन्हा लावलं नाही. पुढच्याच वर्षी त्याने टूरचे चार टप्पे जिंकले, गुणांमध्ये पहिला येणाऱ्याची हिरवी जर्सीही.

२०२४ च्या पहिल्या टप्प्यात, रिमिनीच्या वाटेवर, उन्हाने तो सायकलवरच ओकत होता. वेळेच्या मर्यादेत पोचावा म्हणून सहकारी त्याच्यासोबत मागे राहिले. सँ-व्युल्बा त्यानंतर चारच दिवसांनी.

आज चित्र थांबवलं ते रेषेच्या थोडं आधी. एक चाक त्याने सोडलंय, दुसरं अजून धरलेलं नाही.