सागाचा वाइन रॅक : तिसरा रविवार

मागच्या रविवारी केलेली, आडव्या बाटल्या टेकवायच्या खाचांची पट्टी बाद केली. चूक माझीच. समोर होती ती सरळ खांद्यांची रेड वाइनची बाटली घेतली, जाडी तीन इंचांच्या जरा आत, त्या बेताने भोकं पाडली. मग नाशिकहून आलेली स्पार्कलिंग (फसफसती) वाइन ठेवून पाहिली तर ती खाचेच्या वरच बसून राहिली. आतल्या गॅसच्या दाबामुळे तिची काच जाड आणि पोट साडेतीन इंचांच्या आसपास. तेव्हा आधी घरातली सगळ्यांत ढेरपोटी बाटली शोधा, मग टेप काढा.

नवी फळी जुन्या दाराचीच, पाऊण इंची. आधी लोहचुंबक फिरवला, तीन मोडके खिळे निघाले. मधोमध रेघ, तिच्यावर दर चार इंचांना खूण, 92 मिमीचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत), आणि मग रेघेवरून फळी चिरली की एकीच्या दोन पट्ट्या. एका बाजूनेच आरपार गेलात तर मागची नस, म्हणजे लाकडाचे तंतू, उखडते. ड्रिलचं टोक पलीकडे दिसलं की थांबायचं आणि फळी उलटी करायची. निघालेल्या चकत्या आईने तांब्याभांड्याखाली ठेवायला पळवल्या.

दोन खाचांमधलं शिंग वरती जेमतेम तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उरतं, त्यात नस आडवी. पॉलिश पेपर मारताना एक टचकन तुटलंच. फेविकॉल लावून सुतळीने आवळलंय.

ही झाली बाटलीच्या पोटाची पट्टी; गळ्याची पट्टी 38 मिमीच्या भोकांची. दोन्ही पट्ट्या एका पातळीत लावल्या आणि बाटली ठेवली, तर हवेचा बुडबुडा हळूच बुचाकडे सरकला! पोट मोठ्या खाचेत जास्त खाली बसतं, गळा लहान खाचेत कमी; फरक दीड सुताचा. गळ्याची पट्टी दोन सूत खाली घेतली, बुडबुडा पोटात परतला. बूच वाइनने ओलं राहायला हवं; वाळलं की आकसतं आणि हवा आत जाते, म्हणून एवढा खटाटोप. खरं सांगायचं तर माझ्या निम्म्या बाटल्या फिरकीच्या झाकणाच्या आहेत. त्या उभ्या ठेवल्या काय नि आडव्या काय.

पुढच्या रविवारी उभे खांब. फिनिशला बहुतेक जवसाचं तेल. तुम्हीही ते वापरत असाल तर तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. मी गच्चीच्या दोरीवर पसरून वाळवणार आहे.