हुडहुडी

"नको मॅडम, माझ्या हातून पडंल ते."

आज सकाळच्या सिझेरियनला सिस्टरने बाळ जवळ आणलं, तर आईने हातच पुढे केले नाहीत. दात कडकड वाजत होते, खांद्यापासून हात थडथड उडत होते. बीपीचं मशीनसुद्धा आकडा दाखवेना. शेवटी सिस्टरनेच बाळाचा गाल तिच्या गालाला टेकवला. मग तिने हळूच मला विचारलं, "मला काही झालंय का?"

घाबरण्यासारखं काही नव्हतं. कमरेत भूल दिली की पायांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतली ऊब तिकडे पसरते आणि शरीर आतून गार पडतं. निम्म्या बायका तरी अशा कुडकुडतात. ट्रॅमाडॉल नावाचं औषध थोडं दिलं, कुडकुडणं थांबलं. पण तोवर बाळ बाहेर गेलं होतं.

मला सलतं ते हेच. औषध नंतर देण्यापेक्षा आधीपासून ऊब द्यायला हवी. सलाईन ३७ अंशांपर्यंत कोमट करून लावायचं, भुलेच्या आधीच गरम हवेचं पांघरूण घालायचं. बाळंतपणाच्या खोलीत निदान २५ अंश हवेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे एसी लागतो तो गाऊनमध्ये घामाघूम झालेल्या सर्जनसाठी. टेबलावर ती जवळपास उघडी, ओली पडलेली असते, याचा विचार कोण करतं?

मैत्रिणींनो, तुमच्या सिझेरियनला अशी थरथर झाली होती का? ती होऊ शकते, हे आधी कुणी सांगितलं होतं?