कॉइल, ७.८३ हर्ट्झ आणि ‘टेस्टेड ओके’

चाळीस दिवस माझा सिग्नल जनरेटर (हव्या त्या वारंवारितेची विजेची लहर देणारं यंत्र) घरी नव्हता, आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं जरा शांतपणे सांगता येईल.

सुरुवात मामांनी केली. मामा विश्रामबागला राहतात, रिटायर झाल्यापासून त्यांना रात्रीची झोप नाही. त्यांना कुणीतरी मोबाईलवर दाखवलं की तांब्याच्या तारेची चपटी कॉइल करायची, तिच्यात ७.८३ हर्ट्झ, म्हणजे म्हणे पृथ्वीची स्वतःची लहर, सोडायचे आणि झोप यावी म्हणून ती गादीखाली ठेवायची. मी कुपवाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला, त्यामुळे घरातलं वायरीचं कुठलंही काम माझ्याकडेच येतं. "मामा, आधी डॉक्टरांना दाखवा" म्हटलं. "दाखवतो, पण तू कॉइल कर." कॉइलने झोप येईल यावर माझा विश्वास नव्हता. कॉइल करायची हौस मात्र होती, हे कबूल करतो.

कॉइल एका रविवारी झाली. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून बावीस गेजची एनॅमल तार आणली (सांगलीत उसाच्या पंपांमुळे अशी दुकानं हाकेच्या अंतरावर), दोन तारा शेजारी धरून गुंडाळल्या, पहिलीचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडलं. टेस्लाने १८९४ साली याच जोडणीचं पेटंट घेतलं होतं. आतला व्यास पाच सेंटिमीटर, बाहेरचा वीस, वेढे ९६, तार साधारण ३८ मीटर. टोकाला ओहम मीटर लावला तर दीड-पावणेदोन ओहम. हा आकडा मी वहीत लिहिला आणि विसरलो. पुढचं सगळं रामायण या विसरण्याचं आहे.

जनरेटर ऑनलाइन मागवला. डीडीएस पद्धतीचा, म्हणजे आकड्यांवरून लहर घडवणारा, दोन चॅनेलचा, आकडा टाकला की तेवढी वारंवारिता. जुन्या बटणवाल्यासारखी तापल्यावर सरकत नाही. खोकं बघून मामा म्हणाले, "जनरेटर आणलास? डिझेल कुठं ओतायचं?"

साइन वेव्ह, ७.८३ हर्ट्झ, दहा व्होल्ट पीक-टू-पीक (लहरीच्या तळापासून टोकापर्यंत). जनरेटरच्या स्क्रीनवर सगळं झकास. कॉइल जोडली, मल्टिमीटर लावला, तर आकडा असा नाचत होता की कशाला काही अर्थच लागेना. मित्राचा ऑसिलोस्कोप, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणारा स्कोप, आणला. कॉइल सोडवली की दहा व्होल्ट, जोडली की जेमतेम ०.३. जनरेटरच्या स्क्रीनवर मात्र तेव्हाही दहाच. मी ठरवून टाकलं, आउटपुट गेलंय. वॉरंटी आहे, तक्रार करू.

आता ती तक्रार. फॉर्ममध्ये ‘बिघाडाचा प्रकार’ म्हणून यादी: चालू होत नाही, डिस्प्ले दिसत नाही, आवाज येतो, इतर. मी ‘इतर’ निवडलं, तर पुढे खुलासा लिहायला जागाच नाही. व्हिडिओ पाठवा म्हणाले. पाठवला. मोठा आहे म्हणाले. लहान करून पाठवला, त्यात स्कोपचा पडदा दिसत नाही म्हणाले. मग वस्तूच पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. जिथून घेतला त्याच खोक्यात पाठवायचा. ते खोकं मामींनी एव्हाना डाळी ठेवायला घेतलं होतं. डाळ ओतून खोकं परत आणलं.

दहा दिवस काही नाही. फोन केला की तिकीट नंबर विचारायचे, मग "आपली तक्रार वर पाठवली आहे." वर कुठे, ते नाही सांगितलं. अठराव्या दिवशी पार्सल आलं. आत एक चिठ्ठी, ‘टेस्टेड ओके’. बस्स, दोन शब्द. कॉइल जोडली, पुन्हा ०.३. डोकं फिरलं. पुन्हा तक्रार, पुन्हा कुरिअर, या वेळी सोबत मी हाताने लिहिलेलं पत्र आणि कॉइलचा फोटो. बावीस दिवसांनी परत आला. पुन्हा ‘टेस्टेड ओके’, फक्त शिक्का वेगळा.

माझं म्हणणं अजूनही एवढंच आहे: त्या टेबलावर बसलेल्या माणसाला फोटो पाहून कळायला हवं होतं. चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहिली असती तरी दुसरं कुरिअर वाचलं असतं. मी चुकलो हे खरं. पण चुकलेल्या माणसाला दोनदा ‘ओके’ म्हणून परत पाठवणं ही सेवा नव्हे.

सुटका गणपती पेठेत झाली. तिथल्या एका बोळात एक म्हातारे रेडिओवाले बसतात, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मी जनरेटर आणि कॉइल दोन्ही घेऊन गेलो. त्यांनी जनरेटरकडे बघितलंसुद्धा नाही.

"कॉइलचा डीसी किती हाय?"

"दीड-पावणेदोन ओहम, तात्या."

"आणि ह्याच्या तोंडाशी काय लिवलंय वाच."

आउटपुटच्या सॉकेटखाली बारीक अक्षरात छापलं होतं: ५० ओहम.

"मग? सायकलचा डायनामो ट्रॅक्टरच्या हेडलाइटला लावायलास व्हय तू? तुझी कॉइल त्याला शॉर्टच करायलीय."

दोन मिनिटांत संपलं. जनरेटरच्या पोटात ५० ओहम, बाहेर १.६ ओहम. दहा व्होल्टपैकी कॉइलच्या वाट्याला येणार तीन टक्के, म्हणजेच ते ०.३. स्क्रीन तुम्ही मागितलेला आकडा दाखवते, टोकावर पोचलेला नव्हे. इतकी कमी वारंवारिता असली की कॉइल कॉइलसारखी वागतच नाही. माझ्या कॉइलचं इंडक्टन्स (बदलत्या विजेला अडवायचा गुण) साधारण एक मिलीहेन्री. ७.८३ हर्ट्झला तिचा विरोध ओहमच्या विसाव्या भागाएवढा, बाकी नुसती तार. टेस्लाची जोडणी असो की साधी, इथे फरक शून्य. ‘कॉइल ७.८३ ला रेझोनन्समध्ये आणा’, म्हणजे कपॅसिटर जोडून ती त्याच आकड्याला घुमवा, असं म्हणणारे भेटले तर त्यांना कपॅसिटर किती लागेल ते विचारा. माझ्या हिशेबाने जवळजवळ चार लाख मायक्रोफॅरड. आणि तेवढा लावला तरी तारेचा रोध रेझोनन्स गिळून टाकणार.

म्हणून जनरेटर घेणाऱ्यांनी आधी कॉइलचा रोध मोजावा, मग अ‍ॅम्प्लिफायर ठरवावा, जनरेटर शेवटी. मी बरोबर उलटं केलं. एवढ्या कमी वारंवारितेला महाग जनरेटरही लागत नाही. एडी९८३३ या लहर घडवणाऱ्या चिपचं बोटभर मॉड्यूल पुरतं, फक्त त्याचं आउटपुट अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतं, अ‍ॅम्प्लिफायर तसाही लागणारच होता.

मी टीडीए२०३० या ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर आयसीची तयार पाटी वापरली. इथेही एक खड्डा आहे. ऑडिओच्या पाट्या गाण्यासाठी बनवलेल्या, वीस हर्ट्झच्या खालचं त्या दारातच अडवतात. इनपुटचा आणि फीडबॅकचा, असे दोन्ही कपॅसिटर दहापट मोठे घातले तेव्हा ७.८३ पूर्ण बाहेर आला. ट्रान्सफॉर्मर ९-०-९ (मध्ये शून्य, दोन्ही बाजूंना नऊ व्होल्ट) घ्या म्हणजे आउटपुटला कपॅसिटर लागत नाही. १२-०-१२ ने व्होल्टेज त्या आयसीच्या मर्यादेला जाऊन टेकतं. कॉइलशी सिरीजमध्ये ३.९ ओहम, दहा वॅटचा रोध, कारण आयसीला चार ओहमपेक्षा कमी भार सोसत नाही.

मल्टिमीटरचं राहिलंच. साधे मीटर ५० हर्ट्झच्या आसपास धड मोजतात, आठ हर्ट्झला भरवसा नाही. त्यापेक्षा कंपास आणा. कॉइलजवळ ठेवून एक हर्ट्झ सोडला की सुई डावी-उजवी झुलते, ७.८३ ला नुसती थरथरते. मामांना हे इतकं आवडलं की शेजारच्या काकूंना बोलावणार होते. काकूंना पेसमेकर आहे, मी तिथल्या तिथे प्लग काढला. तुमच्याही घरात कुणाला असेल तर हा खेळ करूच नका.

७.८३ की ७.८३१, यावर लोक भांडतात. जमीन आणि आयनोस्फिअर यांच्यामधल्या पोकळीत विजांमुळे घुमणाऱ्या या लहरींचं गणित शुमान यांनी १९५२ मध्ये मांडलं. तो आकडा दिवसभरात स्वतःच थोडा खाली-वर होतो, तिसऱ्या दशांशाचे पैसे कशाला द्यायचे? आणि निसर्गातली ती लहर इतकी क्षीण की अर्धा अँपिअर सोडलेली माझी कॉइल तिच्या कोट्यवधी पट जोरात आहे. याला निसर्गाची नक्कल म्हणणं मला तरी जमत नाही.

कॉइल मामांच्या गादीखाली गेली नाही. ट्रान्सफॉर्मर आणि गरम होणारा रोध पलंगाखाली रात्रभर सोडायला मी साफ नकार दिला. मामा चार दिवस रुसले, पाचव्या दिवशी कंपास मागून घेऊन गेले.

मी आता तीच कॉइल वरच्या वारंवारितेला वापरतो. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की रेझोनन्स हिशेबाने १५.४ किलोहर्ट्झ, प्रत्यक्षात १४.९ ला सापडलं. तिथे जनरेटर थेट न जोडता तीन वेढ्यांची छोटी कॉइल जवळ धरायची, नाहीतर तेच ५० ओहम पुन्हा आड येतात. मिरजेच्या सतारीत वरची तार छेडली की खालच्या तरफा आपोआप बोलतात, तसं. योग्य आकडा आला की मोठ्या कॉइलच्या टोकांना लावलेला एलईडी पेटतो, अर्धा किलोहर्ट्झ सरकलं की विझायला लागतो. काल रात्री पाऊण तास तेवढंच करत बसलो होतो.