इस्त्रीचा शर्ट

आज इंटरव्ह्यू कॉल होता म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिथेच फसलो, एरवी ऑफिसला चुरगळलेल्या टीशर्टवर येणारा माणूस मी, शेजारच्या डेस्कवरचा लगेच "काय रे, इंटरव्ह्यू बिंटरव्ह्यू का?" म्हटलं बाकीचे धुवायला टाकलेत, पण पोटात गोळाच आला. लंचमध्ये जिन्यात उभं राहून कुजबुजत बोललो, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर, कारण वायफाय, लॅपटॉप, मेल सगळं कंपनीचं. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क', म्हणजे नोकरी शोधतोय ही खूण, फक्त रिक्रूटर्सना दिसेल असं ठेवलंय, फोटोभोवती हिरवी फ्रेम नाही, तरी पूर्ण प्रायव्हसीची गॅरंटी तेही देत नाहीत. रेफरन्स जुन्या बॉसचा दिला, आत्ताच्यांना ऑफर हातात येईपर्यंत फोन नको हे स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी तोच शेजारचा हळूच, "कुठे ओपनिंग असेल तर मलाही सांग रे."