अर्धं मैदान

माझ्या लहानपणी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या कुठल्याही पोरीला ऑफसाइड म्हणजे काय ते पाठ असायचं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या गावातल्या फुटबॉल टीमची मॅच असली की घरातले पुरुष शाहू स्टेडियमवर, आणि रात्री जेवताना तीच मॅच पुन्हा पहिल्यापासून. आम्ही भाकरी वाढता वाढता ऐकायचो. बॉलला पाय लावायचा प्रश्नच नव्हता. जिंकलेल्या टीमची मिरवणूक गॅलरीतून बघायची, एवढाच आमचा फुटबॉल.

१९९६ साली आमच्या शाळेत पी.टी.च्या सरांनी आठवी-नववीच्या मुलींची टीम काढली, तेव्हा पहिला वाद पेटला तो मैदानावरून. ‘मग आम्ही कुठं खेळायचं?’ हा मुलांचा सवाल. सरांनी फक्कीनं मधोमध रेघ मारली आणि अर्धं मैदान आम्हाला दिलं. त्या रेघेवरून रोज कुरबूर. मुलांचा बॉल आमच्याकडे आला की आमची गोलकीपर तो मुद्दाम सावकाश परत करायची. माझ्या पायात भावाचे जुने स्टड, पुढे कागदाचे बोळे कोंबलेले. पाऊस झाला की ते बोळे भिजून लगदा व्हायचा आणि बूट मैदानातच राहायचा.

सरांचा नियम एकच: गणिताची वही दाखवल्याशिवाय बॉल नाही. मग काय, मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर बसून आम्ही एकमेकींची गणितं सोडवायचो. गणिताच्या बाईंना हा चमत्कार वाटायचा.

त्या गोलकीपरला नववीनंतर शाळेतून काढायचं घरी ठरलं होतं. मुख्याध्यापिका घरी जाऊन आल्या, स्त्रीशिक्षणावर बोलल्या. वडिलांनी चहा पाजून वाटेला लावलं. पुढं दुसऱ्या शाळेच्या मुलींशी आमचा प्रदर्शनीय सामना झाला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात खेळाच्या पानावर तळाला चार ओळी आल्या, त्यात हिचं नाव. वडील ते कात्रण घेऊन शाळेत हजर. ‘पोरगीचं नाव पेपरात आलंय न्हवं, आता तिला घरात कशी बसवू?’ कोल्हापूरच ते. ती पुढे पदवीधर झाली.

फुटबॉलनं समानता येते असं भाषणात म्हणतात. आमच्या घरी तरी लगेच काही आली नाही. भावाची जर्सी मीच धुवायचे आणि माझीही मीच. पण संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत घराबाहेर असायला एक कारण मिळालं, आणि ते कारण कुणाची सोबत म्हणून किंवा कुठल्या कामासाठी नव्हतं. मुलीला याची किंमत कळते.

आता मी स्वतः शिक्षिका आहे, त्यामुळे या विषयावरचं हाती येईल ते वाचते. इंग्लंडमध्ये १९२० साली बायकांची मॅच बघायला त्रेपन्न हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेनं क्लबांना बजावलं की बायकांना मैदान देऊ नका. पन्नास वर्षं तसंच चाललं. बघा, अडवायचं म्हटलं की आधी मैदानच काढून घेतात! झारखंडमध्ये रांचीजवळच्या खेड्यांत २००९ पासून ‘युवा’ ही संस्था मुलींना फुटबॉल शिकवते. आता त्यांची शाळाही आहे. २०१३ मध्ये त्यांच्या मुली स्पेनला स्पर्धेला गेल्या आणि तिसऱ्या आल्या. त्याआधी पासपोर्टसाठी जन्मदाखला मागायला गेल्या, तर तिथं त्यांना केर काढायला लावला होता.

शाळेच्या स्मरणिका समितीनं आम्हा माजी विद्यार्थिनींना विचारलं, शाळेला काय देणार? आम्ही टीममधल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून दोन गोलपोस्ट, जाळ्या आणि मुलींच्या मापाचे बूट द्यायचं ठरवलंय. अट एकच, आणि ती समितीकडे लेखी दिली आहे: शनिवारी सकाळी अख्खं मैदान मुलींचं. रेघ मारायची नाही. पहिल्या शनिवारी आम्ही बघायला येणारच आहोत, आणि पी.टी.च्या सरांनाही रिक्षानं घेऊन येणार आहोत.