विजयदुर्ग, हेलियम आणि एक पिवळी रेघ

ऑगस्टचा मध्य आला की हा प्रश्न हमखास येतो. कधी शाळेतली मुलं विचारतात, कधी कोकणात फिरून आलेले ओळखीचे लोक : "हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, हे खरं का हो?" किल्ल्यावरचे 'साहेबांचे ओटे', म्हणजे दुर्बिणी मांडायचे चौथरे, त्यांनी पाहिलेले असतात. 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, हेही कानावर आलेलं असतं. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

थोडक्यात उत्तर असं की शोध तिथे लागला नाही, पण विजयदुर्गाचा संबंध मात्र खरा आहे. गोंधळ झालाय तो तारखांचा. दोन वेगवेगळी ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळली आहेत.

पहिलं ग्रहण 18 ऑगस्ट 1868 चं. त्याचा खग्रास पट्टा दक्षिण कोकणावरून आत शिरून थेट मछलीपट्टणला बंगालच्या उपसागरात उतरला. ऑगस्ट म्हणजे कोकणात भर पावसाळा, त्यामुळे दुर्बिणीवाले पूर्वेकडे सरकले. फ्रान्सचा पिएर जान्सेन गुंटूरला होता, मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉग्सन मछलीपट्टणला. आपल्याला जवळचं नाव म्हणजे पटवर्धनांची जमखंडी. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, तिथे ढगांच्या फटींतून सूर्य बघत होता.

आणि नॉर्मन लॉकयर, ज्याच्या नावाने विजयदुर्गाची गोष्ट सांगतात, तो? तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता. युद्धखात्यात कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात सूर्याचा अभ्यास करायचा, हा त्याचा दिनक्रम.

खग्रास झाल्यावर सूर्याच्या कडेला लालसर ज्वाला दिसतात. त्यांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिल्यावर त्यात मोजक्याच ठळक रेघा दिसल्या. अशा सुट्या रेघा तापलेला वायू देतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागी असतात. म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या, हे तिथल्या तिथे ठरलं. त्यातली एक रेघ पिवळी होती. पिवळी म्हटल्यावर बहुतेकांनी ती सोडियमची धरली. गॅसच्या ज्योतीवर मिठाची चिमूट टाकून पाहा; जो भगभगीत पिवळा रंग उठतो तो सोडियमचा. नीट फोडून पाहिलं तर त्यात दोन रेघा निघतात, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर तरंगलांबीला. सूर्यावरची ती रेघ 587.6 ला होती. दोन नॅनोमीटरचासुद्धा फरक नाही! ग्रहणाच्या त्या पाचसहा मिनिटांच्या गडबडीत तो पकडणं किती अवघड असेल, याची कल्पना करा. पॉग्सनला शंका आली होती, पण ती तेवढ्यावरच राहिली.

माझ्या मते त्या दिवसाची खरी थोर गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कुणी सांगत नाही. जान्सेनच्या लक्षात आलं की रेघा इतक्या ठळक असतील तर त्या पाहायला ग्रहणाची गरजच नाही. एरवी या ज्वाला दिसत नाहीत, कारण आकाशात पसरलेला सूर्यप्रकाश त्यांना झाकून टाकतो. पण हा पसरलेला प्रकाश वर्णपटात सगळ्या रंगांवर वाटला जातो, तर ज्वालेचा सगळा प्रकाश दोनचार रेघांत एकवटतो. चमचाभर तूप अख्ख्या पंगतीला वाढलं तर कुणाच्या पानात दिसत नाही. तेवढंच दोन पानांत वाढलं तर डोळ्यात भरतं, तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी जान्सेनने लख्ख उन्हात त्या रेघा पाहिल्या. तोवर ग्रहणाच्या काही मिनिटांसाठी माणसं महिनोन्‌महिने समुद्रप्रवास करत होती. ती अट त्या सकाळी गळून पडली.

लॉकयरलाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. त्याचं उपकरण उशिरा आलं आणि 20 ऑक्टोबरला त्याने लंडनमधूनच त्या रेघा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, 26 ऑक्टोबरला वाचली गेली. फ्रान्सने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. मला हा प्रसंग फार आवडतो.

आता रोज पाहता येत असल्यामुळे लॉकयरने त्या पिवळ्या रेघेचा पिच्छा पुरवला. ती सोडियमची नाही, आणि ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही, या निष्कर्षाला तो आला. सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पडलं. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनी मात्र ते मानलं नाही. पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य केवळ एका रेघेवरून कसं मान्य करायचं? अखेर 1895 मध्ये विल्यम रॅमसेने युरेनियम असलेल्या क्लीव्हाइट या खनिजावर आम्लाची क्रिया केली. तो शोधत होता आरगॉन वायू. निघालेल्या वायूत दिसली तीच पिवळी रेघ. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे पाव हिस्सा असलेला वायू इथल्या दगडात दडून बसला होता.

दगडात का, तर युरेनियम आणि थोरियम विघटित होताना जे अल्फा कण बाहेर पडतात, ते म्हणजे हेलियमचीच अणुकेंद्रकं. हवेत सुटलेला हेलियम हलका असल्यामुळे हळूहळू अवकाशात निघून जातो. त्यामुळे आज एमआरआय यंत्राची चुंबकं थंड ठेवणारा हेलियम हा सूर्यावरून आलेला नाही. तो जमिनीखालच्या खडकांत किरणोत्सर्गातून तयार होऊन साठलेला आहे. हे सांगितलं की मुलं हमखास दोनदा विचारतात.

मग विजयदुर्ग? ते दुसरं ग्रहण, 22 जानेवारी 1898 चं. हेलियम तोवर रॅमसेच्या काचनळीत येऊन तीन वर्षं होत आली होती. जानेवारीतलं कोकणचं स्वच्छ आकाश बघून लॉकयर, आता सर नॉर्मन, खरोखरच विजयदुर्गाला आला. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. किल्ल्यात दुर्बिणी आणि वर्णपटाचे कॅमेरे मांडले आणि जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रासात छायाचित्रं घेतली. ओटे त्या मोहिमेचे. ज्याने हेलियम ओळखला तो माणूस तिथे उभा होता, एवढं किल्ल्याच्या मानासाठी मला पुरेसं वाटतं.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं लावून बसले होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली होती. तिथली 20 इंची दुर्बीण 1912 मध्ये कोडाईकनालला गेली. लॉकयरबद्दल मला सगळे विचारतात, नायगमवालांबद्दल अजून एकानेही विचारलेलं नाही. हेलियम दिन साजरा करणाऱ्या शाळांनी 22 जानेवारीलाही एक तास द्यावा आणि मुलांना जेऊर नकाशावर शोधायला लावावं.